आंदोलन चिघळते केव्हा?

ऑक्टोबर २०१९मध्ये चिलीची राजधानी सांतियागो येथे मेट्रोचे भाडे ३० पेसोंनी वाढले, तेव्हा शाळकरी मुलांनी तिकीट न काढता प्रवास करून निषेध सुरू केला. १८ तारखेला स्थानके पेटल्यावर सरकारने आणीबाणी पुकारून लष्कर रस्त्यावर आणले आणि दुसऱ्याच दिवशी भाडेवाढ मागे घेतली. मागणी मान्य झाल्यावर लोकांनी घरी परतायला हवे होते. प्रत्यक्षात २५ तारखेला त्याच शहरात दहा लाखांच्या आसपास माणसे जमली. बांगलादेशातही सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. २१ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांचे आरक्षण ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणले, पण तोवर गोळीबारात इतके जण मारले गेले होते की भांडण आरक्षणापुरते उरले नव्हते. ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना यांना देश सोडावा लागला.

गर्दीत माणसाचा विवेक लोपतो, असे फ्रेंच विचारवंत गुस्ताव्ह ल बाँ यांनी १८९५ साली मांडले होते. राज्यकर्त्यांना हे मत सोयीचेच आहे, कारण त्यात समोर उभ्या असलेल्या पोलिसांच्या वागण्याचा हिशेब द्यावा लागत नाही. मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायशर यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागातील १९८०च्या दंगलीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना निराळे चित्र दिसले: जमावाचा रोख मुख्यतः पोलिसांवर होता, राहती घरे बहुतांशी वाचली आणि पोलीस मागे हटल्यावर जमावाने वस्तीबाहेर त्यांचा पाठलाग केला नाही. पुढील संशोधनातून असे स्पष्ट होत गेले की मोर्चात मवाळ, जहाल आणि नुसते बघे असे अनेक गट असतात. पोलिसांनी सरसकट लाठी चालवली की त्या सर्वांना आपण एकाच बाजूचे आहोत असे वाटू लागते आणि दगड उचलणाऱ्याला आवरणारे कोणी उरत नाही.

स्वीडनमध्ये २००१ साली गोटेनबर्ग येथे पोलिसांच्या गोळ्यांनी तीन निदर्शक जखमी झाले. त्यानंतर तेथे मोर्चाच्या आधी, मोर्चात आणि नंतरही आयोजकांशी बोलत राहणारे ‘संवाद पोलीस’ नेमण्यात आले.

तरीही बळाचा वापर नेहमीच उलटतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९८९ साली बीजिंगमध्ये सैन्याने लोकशाहीची मागणी करणारे विद्यार्थ्यांचे आंदोलन चिरडले आणि तेवढे मोठे आंदोलन तेथे पुन्हा उभे राहिले नाही. हा फरक केवळ गर्दीच्या मानसशास्त्राने उलगडत नाही; सैनिक आदेश पाळतात की नाही हेही पाहावे लागते, आणि ढाक्यात अखेरच्या दिवसांत लष्कर लोकांवर गोळ्या झाडायला तयार नव्हते.