ऑटिझमवर काम करणाऱ्या प्राध्यापकांचं राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी नामांकन कसं कराल?

नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणाऱ्या, ऑटिझम आणि समावेशनावर वर्षानुवर्षं संशोधन करणाऱ्या मॅडम किंवा सर तुमच्या ओळखीत असतील, तर त्यांचं नाव दिल्लीपर्यंत जरूर पोचवा. २०२३ पासून केंद्रीय शिक्षण मंत्रालय उच्च शिक्षणातल्या अध्यापकांनाही राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार देतं. ५ सप्टेंबरला पदक, प्रमाणपत्र आणि ५०,००० रुपये मिळतात.

अध्यापक नियमित पदावर हवेत, पदवी किंवा पदव्युत्तर वर्गांना किमान ५ वर्षं पूर्णवेळ शिकवलेलं हवं आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी वय ५५ पेक्षा जास्त नको. सध्या प्राचार्य किंवा कुलगुरू असलेल्यांना अर्ज करता येत नाही. तासिका तत्त्वावर राबणारेही यात बसत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अर्ज राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. स्वतः भरता येतो, संस्था किंवा सहकारीही नाव सुचवू शकतात. मुदत दरवर्षी वेगळी असते, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतच कागद जमवायला घ्या: वयाचा पुरावा, नियुक्तिपत्र, अनुभवाचा दाखला, शोधनिबंधांची यादी, प्रकल्प मंजुरीची पत्रं.

पण सगळा भर शोधनिबंधांवर देऊ नका. सर्वाधिक वजन आहे ते अध्यापनाच्या परिणामकारकतेला आणि समाजात जाऊन केलेल्या कामाला. 'समावेशक शिक्षणात भरीव योगदान' असं लिहून हाती काही लागत नाही. पंख्याच्या घरघरीने परीक्षेत हात थांबणाऱ्या मुलाला शांत खोली मिळवून दिली, तासाला २० मिनिटं जादा वेळ हा त्याचा हक्क आहे हे परीक्षा विभागाला पटवलं, असं काही घडलं असेल तर ते तारखेसह लिहा आणि पत्रव्यवहाराची प्रत जोडा. पालकांचं हस्ताक्षरातलं पत्र असेल तर तेही, त्यांना विचारून.

मुलांचे फोटो मात्र लेखी संमतीशिवाय जोडू नका. ऑटिझम असलेलं मूल हे कुणाच्या अर्जाची शोभा नाही. संशोधनात मुलांचा सहभाग असेल तर नैतिक समितीची मंजुरीही हाताशी ठेवा.

वयाची अट आड येत असेल, तर ३ डिसेंबरला दिले जाणारे दिव्यांगजन सबलीकरणाचे राष्ट्रीय पुरस्कार पाहा. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे. त्यांचे अर्जही याच पोर्टलवर भरले जातात.