उपसा चाचणी

विहिरीतून किंवा कूपनलिकेतून ठरावीक दराने पाणी उपसायचे, पातळी कशी उतरते ते वेळेनुसार मोजायचे आणि त्यावरून जमिनीखालच्या जलधराचे, म्हणजे पाणी साठवणाऱ्या आणि वाहू देणाऱ्या खडकाच्या किंवा मातीच्या थराचे, गुणधर्म काढायचे, या पद्धतीला उपसा चाचणी म्हणतात. खडकाचा नमुना प्रयोगशाळेत तपासता येतो. पण पाणी ज्या भेगांतून वाहते त्या वीतभर तुकड्यात सापडतीलच असे नाही. चाचणीत विहिरीभोवतीचा मोठा परिसर एकदम तपासला जातो.

उपसा सुरू झाला की भोवतालची पाणीपातळी उलट्या शंकूसारखी खोलगट होते. त्याच दराने उपसा केला तरी पाणी सहज वाहू देणाऱ्या खडकात हा शंकू उथळ आणि पसरट राहतो, तर घट्ट खडकात तो खोल आणि अरुंद होतो. यातून दोन गोष्टी कळतात. पहिली ट्रान्समिसिव्हिटी, म्हणजे जलधराच्या पूर्ण जाडीची पाणी वाहून नेण्याची क्षमता. दुसरी साठवण गुणांक, म्हणजे पातळी एक मीटर उतरल्यावर दर चौरस मीटरमागे किती घनमीटर पाणी सुटते ते. मुक्त जलधरात, म्हणजे ज्यावर पाणी अडवणारा थर नसतो अशा जलधरात, हा गुणांक साधारण ०.०१ ते ०.३ असतो. वरून पाणी न झिरपू देणाऱ्या थराने दाबून धरलेल्या बंदिस्त जलधरात तो बहुधा ०.००५ पेक्षाही कमी भरतो, कारण तिथे पोकळ्या रिकाम्या होत नाहीत. दाब उतरल्यामुळे पाणी किंचित प्रसरण पावते आणि थर किंचित आवळतो, तेवढेच पाणी मिळते.

१९०६ साली ग्युंटर टीम या जर्मन अभियंत्याने मांडलेल्या पद्धतीत पातळी स्थिर होईपर्यंत थांबावे लागे. १९३५ मध्ये चार्ल्स थाइस यांनी ती अट काढली. खडकातले पाणी उष्णतेच्या वहनासारखेच वागते हे त्यांनी ओळखले आणि क्लॅरेन्स ल्युबिन या गणितज्ञाच्या मदतीने उष्णतेचे समीकरण भूजलाला लावले. १९४६ मध्ये कूपर आणि जेकब यांनी ते सोपे केले: वेळ लॉग मापावर, म्हणजे दर दहापटीला सारखे अंतर देऊन, मांडली की सुरुवातीचा काळ सोडून पातळीतली घट सरळ रेषेत येते. समजा, दिवसाला ५०० घनमीटर उपसा आहे आणि वेळ दहापट होताना पातळी ०.५ मीटर उतरते. तर ट्रान्समिसिव्हिटी दिवसाला सुमारे १८३ चौरस मीटर येते. साठवण गुणांक मात्र उपशाच्या एकट्या विहिरीवरून भरवशाने निघत नाही. त्यासाठी जवळ निरीक्षण विहीर हवीच.

पहिली दहा मिनिटे सगळ्यात धावपळीची. टेपच्या टोकाचा सेन्सर पाण्याला टेकला की बीप वाजतो, आकडा वहीत उतरतो आणि लगेच पुढच्या नोंदीची वेळ होते. पुढे हे अंतर वाढवत नेतात. उपसलेले पाणी लांब नेऊन सोडावे लागते, नाहीतर ते मुरून परत येते आणि मुक्त जलधरातली चाचणी बिघडते. पंप बंद केल्यावरही मोजणी थांबवू नये. चढत्या पातळीत पंपाच्या दराचे चढउतार मिसळलेले नसतात, म्हणून त्या नोंदी बहुतेक वेळा जास्त विश्वासार्ह असतात. पंप उचलून निघून जाणे म्हणजे हाती आलेली निम्मी माहिती टाकून देणे.

रुंद खोदीव विहिरीत आणखी एक अडचण असते. ५ मीटर व्यासाच्या विहिरीत मीटरभर खोलीत जवळजवळ २० घनमीटर पाणी असते, त्यामुळे सुरुवातीला उपसा होतो तो विहिरीतल्याच साठ्याचा. तो काळ जलधराचा समजला तर उत्तर साफ चुकते. १९६७ मध्ये पापाडोपुलोस आणि कूपर यांनी अशा विहिरींसाठी वेगळे सूत्र दिले.

आलेखाची रेषा मध्येच वाकली तर तीही माहितीच असते. उतार दुप्पट झाला तर शंकू बहुधा पाणी न सोडणाऱ्या सरळ भिंतीला, एखाद्या डाइकला (भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंतीला), भिडलेला असतो. रेषा आडवी झाली तर नदी किंवा तलाव जलधराला पाणी पुरवू लागला असण्याची शक्यता असते. चाचणी तासाभरात गुंडाळली तर यातले काहीच दिसत नाही.