पायाची बलून अँजिओप्लास्टी

पायाकडे रक्त नेणारी धमनी चरबी आणि कॅल्शियम साचून अरुंद झाली किंवा बंदच पडली की ती आतून फुग्याने रुंद करतात, त्याला पायाची बलून अँजिओप्लास्टी म्हणतात. अँजिओप्लास्टी म्हटलं की सगळ्यांना हार्टच आठवतं, पण ही पद्धत सुरू झाली ती पायापासूनच. 16 जानेवारी 1964 ला अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर या डॉक्टरांनी 82 वर्षांच्या एका बाईच्या मांडीतली धमनी एकात एक जाड होत जाणाऱ्या नळ्या घालून मोकळी केली, तिच्या पायाची बोटं काळी पडली होती आणि पाय कापायला ती तयार नव्हती, पाय काही मिनिटांत गरम झाला आणि शेवटपर्यंत ती त्याच पायावर चालली. नळीच्या टोकाला फुगा लावायचं काम झुरिकच्या आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांचं, घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून ते फुगे बनवायचे, 1974 मध्ये आधी पायात वापरला आणि मग 1977 मध्ये हृदयात.

आजार ओळखायचा कसा, तर चालताना पोटरी भरून येते आणि दोन मिनिटं उभं राहिलं की थांबते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझे काका दर पन्नास पावलांवर थांबून भाजी बघायचे, घ्यायचं काहीच नसायचं, आणि आम्ही सगळे वय झालं म्हणत राहिलो. डायबेटिसवाल्यांचं तर अजून कठीण, नसा बधिर असतात त्यामुळे दुखतच नाही, देवळात अनवाणी गेल्यावर खडा टोचला तरी कळत नाही, कळतं ते जखम महिनाभर भरत नाही तेव्हा. रात्री झोपेत पाय दुखतो आणि खाटेखाली लोंबता सोडला की बरं वाटतं, असं व्हायला लागलं तर एक दिवस पण थांबू नये.

आधी घोट्याचं आणि दंडाचं बीपी ताडून बघतात, घोट्याचं भागिले दंडाचं 0.9 पेक्षा कमी आलं तर धमनीत अडथळा आहे असं धरतात, मग डॉपलर, म्हणजे धमनीत रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी. डायबेटिसमध्ये धमन्या कडक झालेल्या असतात म्हणून हा आकडा फसवा नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघावं लागतं.

कॅथ लॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेच्या स्क्रीनवर बघत हे काम करायच्या खोलीत, पेशंट जागाच असतो. जांघेत भूल देऊन सुई, मग बारीक तार, ती स्क्रीनवर बघत अडथळ्यातून पलीकडे न्यायची, खरं कसब इथेच, कारण पूर्ण बंद धमनीत तार बाजूच्या थरात घुसू शकते. तारेवरून फुगा जातो, हातपंपाने सलाइन आणि डाय (एक्स-रेमध्ये दिसणारं औषध) भरून दोन-तीन मिनिटं फुगवून ठेवतात, त्या वेळी पायात ताण जाणवतो. फुगा काढल्यावर धमनी परत दबली तर स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीची नळी, आत बसवतात. डायचा त्रास किडनीला होऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी, आधी बघतात. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, जांघेत सूज किंवा रक्त दिसलं तर लगेच सांगायचं.

मोकळी केलेली धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते, मांडीत आणि गुडघ्याखाली जास्तच, म्हणून पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेले फुगे पण वापरतात. अडथळा फार लांब असेल तर बायपास, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून रक्ताला दुसरी वाट करून देणारी सर्जरी, बरी पडते. गोव्यात लोक पाय काळा पडल्यावरच बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) धावतात, तोवर बोट तरी जातंच. काकांचं एक बोट गेलं, पाय वाचला. आता विडी बंद आहे, ॲस्पिरिन चालू आहे, आणि रोज रात्री काकी बॅटरी घेऊन त्यांची पावलं, बोटांच्या मधल्या जागा बघते.