उंचीचा खर्च कमी करणारा इंजिनिअर : फझलुर रहमान खान

इमारत जसजशी उंच होते तसतसे तिचे गणित बदलत जाते. एका मजल्याच्या फरशीला आणि तिच्याखालच्या तुळयांना लागणारे पोलाद पाचव्या मजल्यावर जेवढे, तेवढेच पन्नासाव्यावर. खांबांचे तसे नाही. वरचा सगळा भार अंगावर येत असल्यामुळे खालच्या मजल्यांवर ते जाड होत जातात. पण खरा प्रश्न वाऱ्याचा असतो. वाऱ्याचा दाब सर्व उंचीवर सारखा आहे असे धरले, तरी तळाशी इमारतीला वाकवणारा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो आणि माथ्याचे झुकणे चौथ्या घाताने. म्हणजे तेवढ्याच ताठपणाची इमारत दुप्पट उंच केली, तर तळाशी वाकवणारा जोर 4 पट आणि माथ्याचे हलणे 16 पट. ते आवाक्यात ठेवण्यासाठी जे जादा पोलाद ओतावे लागते, त्याला फझलुर रहमान खान ‘उंचीचा प्रीमियम’ म्हणत. हा प्रीमियम कसा कमी करायचा, याचा शोध हेच त्यांच्या कारकिर्दीचे सूत्र.

खान यांचा जन्म 3 एप्रिल 1929 चा. शिक्षण शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात सुरू झाले आणि ढाक्याच्या अहसानुल्ला इंजिनिअरिंग कॉलेजात पुरे झाले. 1952 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते इलिनॉय विद्यापीठात गेले आणि तीन वर्षांत दोन मास्टर्स पदव्या व पीएच.डी. घेऊन बाहेर पडले. 1955 मध्ये शिकागोतील स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेत ते रुजू झाले.

त्या काळी उंच इमारत म्हणजे आतबाहेर सर्वत्र खांब-तुळयांचा सांगाडा, आणि वारा पेलायचा तो त्यांच्या सांध्यांनी. वीस-तीस मजल्यांपर्यंत हे परवडते. त्यापुढे सांधे आणि तुळया वाकू नयेत म्हणून सगळेच जाड करावे लागते. खान यांनी वारा पेलण्याचे काम बाहेरच्या भिंतीकडे दिले. वेळू पोकळ असूनही ताठ उभा राहतो, कारण त्याचा सगळा गर मध्यापासून दूर, कडेला असतो, तसेच हे. बाहेरचे खांब जवळजवळ ठेवायचे, त्यांना जोडणाऱ्या तुळया खोल घ्यायच्या, म्हणजे चारही बाजू मिळून खिडक्यांची भोके पाडलेली एक चौकोनी नळी तयार होते. शिकागोच्या 43 मजली डेविट-चेस्टनट इमारतीत त्यांनी काँक्रीटचे खांब अवघ्या 1.68 मीटर अंतरावर घेतले. आतल्या खांबांकडे मग फक्त वजन उचलण्याचे काम उरले.

या नळीत एक खोट आहे. वारा लागला की समोरच्या भिंतीतल्या सर्व खांबांनी सारखा ताण घ्यायला हवा. पण खांबांना जोडणाऱ्या तुळया थोड्या वाकतात, त्यामुळे कोपऱ्यातले खांब जास्त ओढले जातात आणि मधले आळशी राहतात. याला शिअर लॅग म्हणतात. नळी जितकी रुंद आणि खांब जितके विरळ, तितका हा दोष मोठा. शंभर मजल्यांवर नुसती नळी पुरणार नव्हती ती यामुळेच.

त्यावरचा उपाय शिकागोतल्याच 100 मजली, 344 मीटर उंच जॉन हँकॉक सेंटरच्या चारही भिंतींवर आजही उघडा दिसतो. वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम यांच्यासोबत खान यांनी बाहेरून प्रचंड तिरप्या पट्ट्या घातल्या. एकेक फुली 18 मजल्यांची. खांब वाकण्याऐवजी वारा आता पट्ट्यांच्या लांबीतून सरळ ताण-दाब होऊन उतरतो. शिवाय या पट्ट्या एका खांबाचे जादा वजन शेजारच्यांकडे वाटून देतात. 1969 मध्ये इमारत उभी राहिली तेव्हा तिला दर चौरस मीटर मजल्यामागे सुमारे 145 किलो पोलाद लागले होते. एम्पायर स्टेट इमारतीचा हाच आकडा सुमारे 206. या कल्पनेची पूर्वतयारी खान जिथे शिकवत त्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, मिकिओ सासाकी या विद्यार्थ्याच्या प्रबंधात झाली होती, हे आवर्जून सांगायला हवे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसोबत बसणे हा खान यांच्या कामाचाच भाग होता.

सांगाडा हलका असला तरी पायाला सूट मिळत नाही. हँकॉक सुमारे वीस मजले चढल्यावर एक खांब खचल्याचे लक्षात आले. खोल खड्डा खणून त्यात काँक्रीटचा पाया ओतताना माती कोसळू नये म्हणून पोलादी केसिंग, म्हणजे मोठे नळकांडे, उतरवतात आणि काँक्रीट भरताना ते वर खेचतात. खेचताना काँक्रीट केसिंगला चिकटून वर उचलले गेले, तर खाली पोकळी पडते आणि तिच्यात माती शिरते. नेमके तेच झाले होते. काम थांबवून पाये तपासावे लागले. खोल पायांच्या कामात केसिंग किती वेगाने आणि काँक्रीटची किती पातळी राखून खेचायचे, यावर इतकी करडी नजर ठेवतात ती म्हणूनच.

मोडण्याची भीती नसलेली इमारतही डोलते, आणि हँकॉकच्या वरच्या मजल्यांवर लोक राहणार होते. किती डोलणे माणसाला जाणवते, याची पुरेशी माहिती हाताशी नव्हती. खान यांनी शिकागोच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयातील वॉशिंग मशीनच्या प्रदर्शनातला फिरता मंच वापरून माणसांवर चाचण्या घेतल्या. माणसाला जाणवते ते त्वरण, म्हणजे वेगातला बदल. माथा किती सेंटिमीटर सरकला हे नव्हे. उंच इमारतींची सोय आजही त्वरणावरूनच ठरते.

पुढची पायरी शिकागोच्याच सिअर्स टॉवरची, आताच्या विलिस टॉवरची. 22.9 मीटर बाजूच्या नऊ नळ्या एकमेकींना चिकटवल्या. मधल्या सामाईक भिंती वाऱ्याच्या दिशेने उभ्या राहून समोरच्या भिंतीतल्या मधल्या खांबांनाही कामाला लावतात, त्यामुळे शिअर लॅग घटतो आणि खांब 4.6 मीटर अंतरावर ठेवता येतात. दोन नळ्या 50 व्या मजल्यावर थांबतात, दोन 66 व्या, तीन 90 व्या. उरलेल्या दोन 110 मजले गाठतात. बांधणीची युक्तीही पाहण्याजोगी आहे. दोन मजली खांब आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या अर्ध्या तुळया असे ‘झाड’ कारखान्यातच वेल्ड करून आणायचे आणि जागेवर तुळयांच्या मध्यावर बोल्टने जोडायचे. वाऱ्याने तुळई वाकते तेव्हा तिच्या मध्यावर वाकवणारा जोर जवळपास शून्य असतो, म्हणून जोड तिथे. उंचावरचे अवघड वेल्डिंग बहुतेक सगळे टळले. 442 मीटर उंचीला दर चौरस मीटरमागे सुमारे 161 किलो पोलाद पुरले.

या टॉवरचे काम चालू असतानाच, 1971 च्या मार्चमध्ये खान यांच्या मायभूमीत, म्हणजे पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात), लष्करी कारवाई सुरू झाली. सुमारे एक कोटी लोक भारतात आश्रयाला आले. कामाचा डोंगर असताना खान यांनी शिकागोत दोन संघटना उभ्या केल्या: पीडितांसाठी मदत जमवणारी बांगलादेश इमर्जन्सी वेल्फेअर अपील, आणि अमेरिकी सरकारपुढे बांगलादेशाची बाजू मांडणारी बांगलादेश डिफेन्स लीग. अमेरिकेचे सरकार तेव्हा पाकिस्तानच्या बाजूने होते आणि खान 1967 पासून अमेरिकी नागरिक होते. त्यामुळे दुसऱ्या संघटनेला धैर्य लागले असणार. तंत्रज्ञाने तंत्रात हरवून जाऊ नये, कला आणि विशेषतः माणसे ओळखावीत, असे ते म्हणत. बांगलादेशाने 1999 मध्ये त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला.

त्यांचे शेवटचे मोठे काम जेद्दाहच्या विमानतळावरील हज टर्मिनल. इथे प्रश्न उंचीचा नव्हता. थोड्या दिवसांत येणाऱ्या प्रचंड गर्दीला सावली हवी होती. 45 मीटर चौरसाचे 210 तंबू, म्हणजे सुमारे साडेबेचाळीस हेक्टर छत, पोलादी खांबांवरून केबलने ताणले आहे. कापड टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंचे आहे. ते बहुतेक ऊन परतवते, थोडा उजेड आत सोडते, आणि तापलेली हवा मध्यावरच्या उघड्या कड्यातून निघून जाते. यंत्राने गार न करताही खाली थांबता येते. 1982 च्या मार्चमध्ये खान यांचे जेद्दाहलाच हृदयविकाराने निधन झाले. तेव्हा ते 52 वर्षांचे होते.

आजच्या अत्युच्च इमारतींत नळीची जागा बहुधा काँक्रीटचा मजबूत गाभा आणि त्याला बाहेरच्या खांबांशी जोडणाऱ्या ‘आउटरिगर’ या ताठ आडव्या तुळयांनी घेतली आहे, कारण दाट खांबांमुळे काचेची मोठी खिडकी मिळत नाही. पण कुठलीही पद्धत निवडताना इंजिनिअर आधी दर चौरस मीटरमागे किती माल लागेल ते काढतात आणि तो आकडा उंचीसमोर मांडतात.