साक्षीदाराचे दोन जबाब

खटल्यात साक्षीदार शपथेवर सांगतो की हल्लेखोराच्या हातात कोयता होता, आणि उलटतपासात बचाव पक्षाचे वकील त्याचा पोलीस जबाब काढतात, ज्यात काठी लिहिलेली असते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १४८ प्रमाणे तो नेमका मजकूर आधी साक्षीदाराच्या निदर्शनास आणावा लागतो. त्याने तो नाकारला, तर तपासी अंमलदाराच्या साक्षीतून तो सिद्ध करावा लागतो. एवढे झाले तरी हातात काठीच होती हे त्यातून शाबित होत नाही, कारण पोलिसांपुढचा जबाब साक्षीदाराला खोडून काढण्यापुरताच वापरता येतो. माझ्या मते ही मर्यादा स्मृतीविषयीच्या आजच्या ज्ञानाशी चांगली जुळते.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला. ती बातमी कुठे, कोणाकडून आणि कशी कळली, हे उल्रिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना पुन्हा तेच विचारले, तेव्हा ११ जणांच्या मुख्य तपशिलांपैकी एकही जुळला नाही, आणि तरीही अनेकांना आपल्या उत्तराची पक्की खात्री होती. पुढे त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला पहिला कागद दाखवला, पण मूळ आठवण काही परतली नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात जुना जबाब ऐकूनही 'मी असे सांगितले नव्हते' म्हणणारा माणूस खोटेच बोलतो आहे, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

मग विसंगतीला किंमत किती द्यायची? मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे आढळले की ज्या तपशिलाबद्दल माणूस परस्परविरुद्ध सांगतो तो तपशील बेभरवशाचा असतो, मात्र त्यावरून त्याच्या उरलेल्या कथनाच्या अचूकतेचा फारसा अंदाज बांधता येत नाही. शिवाय आधी न सांगितलेले आणि नंतर आठवलेले तपशील पुष्कळदा खरे निघतात. एका बाबतीत खोटा तो सर्वच बाबतींत खोटा, हे जुने लॅटिन सूत्र भारतीय न्यायालयांनी नियम म्हणून स्वीकारलेले नाही, हे त्यामुळे योग्यच वाटते. जबाबात एखादी गोष्ट राहून गेली म्हणजे प्रत्येक वेळी विसंगती होते असेही नाही. गाळलेली बाब महत्त्वाची आहे का, हे त्या संदर्भात पाहावे लागते.

खरी अडचण पहिल्या कागदाचीच आहे. पोलीस जबाब पुष्कळदा अधिकाऱ्याच्या शब्दांत उतरतो, त्यावर साक्षीदाराची सही घेता येत नाही, आणि कोणता प्रश्न विचारला होता हे सहसा कळत नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये दाखवले की अपघाताची एकच चित्रफीत पाहिलेल्या लोकांना गाड्या 'आदळल्या' तेव्हाचा वेग विचारला, तर सौम्य क्रियापद वापरून विचारलेल्यांपेक्षा ते तो जास्त सांगतात. जबाबाचे दृकश्राव्य चित्रण करण्याची मुभा कायद्यात २००९ पासून आहे, पण तपास अधिकाऱ्यावर सरसकट तशी सक्ती नाही. निदान गंभीर गुन्ह्यांत तरी ती हवी, म्हणजे उत्तराबरोबर प्रश्नही न्यायाधीशांपुढे येईल.