नेटवर्क स्टोरेज सर्व्हर: बसवणी, निगा आणि बॅकअप यांविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आपल्या कार्यालयात नेटवर्क स्टोरेज सर्व्हर, म्हणजे सर्वांच्या फाइली एका जागी साठवणारे आणि बोलताना आपण ज्याला ‘नॅस’ म्हणतो ते यंत्र, बसवून दिल्यावर त्याच दिवशी तासभर बसून सर्व काही समजावून सांगण्याचा आमचा शिरस्ता आहे. तरीही पहिल्या दिवसाच्या गडबडीत बरेचसे विसरले जाते, यंत्र सांभाळणारी व्यक्ती पुढे नोकरी बदलते, आणि दोन वर्षांनी ‘नॅसवर आहे ना सगळं’ एवढ्याच भरवशावर काम चाललेले असते. हे माहितीपत्रक नॅसजवळच्या फाइलमध्ये लावून ठेवावे आणि नव्याने जबाबदारी घेणाऱ्या प्रत्येकाला वाचायला द्यावे, अशी विनंती आहे.

एक गोष्ट सर्वांत आधी सांगितली पाहिजे, कारण आमच्याकडे येणाऱ्या दुःखद फोनांपैकी बहुतेकांच्या मुळाशी तीच असते. नॅसमध्ये दोन किंवा चार डिस्क आहेत, म्हणून आपला बॅकअप आपोआप झाला, ही समजूत चुकीची आहे. एक डिस्क बिघडली तरी काम थांबू नये, एवढीच त्या जास्तीच्या डिस्कची कामगिरी. कोणी चुकून फोल्डर पुसला, व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या किंवा यंत्रच चोरीला गेले, तर आतल्या सगळ्या डिस्कवर एकाच वेळी तेच घडते.

डिस्कची मांडणी

अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या संशोधकांनी 1988 साली ती नावानिशी मांडली; एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात, आणि त्यांतली एखादी गेली तरी माहिती शाबूत राहावी, हा त्यामागचा विचार होता. दोन डिस्कच्या यंत्रात आम्ही रेड-1 करतो, म्हणजे दोन्हींवर तंतोतंत तीच माहिती असते. तीन किंवा चार डिस्क असतील तर रेड-5 करता येते. त्यात एका डिस्कएवढी जागा सुरक्षेसाठी खर्ची पडते. रेड-6 मध्ये दोन डिस्कएवढी जागा जाते, पण दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी माहिती टिकते. डिस्क 8 टीबी किंवा त्याहून मोठ्या असतील तर चार डिस्कच्या यंत्रातही आमचा कल रेड-6 कडे असतो, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी घातल्यावर ती पूर्ण भरावी लागते. सेकंदाला 150 एमबीचा वेग धरला तरी 8 टीबीला जवळजवळ 15 तास लागतात, आणि त्याच वेळी कार्यालयाचे काम चालू असेल तर दीड-दोन दिवसही जातात. या काळात उरलेल्या, तितक्याच जुन्या डिस्कवर सर्वाधिक ताण असतो. रेड-5 मध्ये त्या अवधीत दुसरी डिस्क गेली, तर हाती काहीच उरत नाही.

‘4 टीबीची डिस्क घेतली आणि संगणकावर 3.63 दिसते’ अशी विचारणा नेहमी होते. यात फसवणूक नाही: डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या पटीत मोजते, एवढाच फरक आहे.

डिस्क घेताना ती नॅससाठी, म्हणजे चोवीस तास चालण्यासाठी बनवलेली असावी. काही स्वस्त डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. ही रचना ‘एसएमआर’ या नावाने ओळखली जाते आणि नवी डिस्क भरण्याच्या कामात ती फार मंदावते. म्हणून आम्ही ‘सीएमआर’ प्रकारचीच, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेली डिस्क बसवतो, आणि आपण स्वतः डिस्क आणणार असाल तर खरेदीआधी मॉडेल क्रमांक आम्हाला कळवावा.

जागा, वीज आणि केबल

नॅस कपाटात बंद करून ठेवू नये आणि जमिनीवरही ठेवू नये. मागच्या पंख्यासमोर किमान चार बोटे मोकळी जागा हवी. डिस्कचे तापमान 45 अंशांच्या खाली राहावे अशा बेताने आम्ही जागा ठरवतो. एप्रिल-मे महिन्यांत रात्री एसी बंद झाल्यावर बंद खोलीत तापमान किती चढते, हे यंत्राच्या नोंदवहीत दिसते आणि ते एकदा अवश्य पाहावे. कोकणपट्टीतील ग्राहकांनी दमट हवा आणि गंज यांकडे, तर बाजारपेठेतील ग्राहकांनी धुळीकडे अधिक लक्ष द्यावे.

यूपीएसशिवाय आम्ही नॅस चालू करून देत नाही. वीज अचानक गेली तर लिहिण्याचे काम अर्धवट राहून फाइल व्यवस्थेत बिघाड होऊ शकतो, आणि वळवाच्या पावसात वीज चार-पाच वेळा ये-जा करते तेव्हा हा धोका वाढतो. मात्र यूपीएस असणे पुरेसे नाही. यूपीएसपासून नॅसपर्यंत एक यूएसबी केबल जोडलेली असावी लागते, जिच्यामुळे बॅटरी संपत आल्याचे यंत्राला कळते आणि ते स्वतः व्यवस्थित बंद होते. साफसफाईत ही बारीक केबल निघून पडते आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत उतरते. भिंतीतील अर्थिंग ठीक नसेल तर यूपीएसही फारसे काही करू शकत नाही, म्हणून बसवणीच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घेण्याचा आमचा आग्रह असतो.

केबलबद्दल एक अनुभव सांगतो. एका फोटो स्टुडिओतून तक्रार आली की नॅस ‘म्हातारे’ झाले आहे, नवे घ्यावे लागेल. पूर्वी लग्नाचे 200 जीबीचे फुटेज अर्ध्या तासात जायचे, ते आता पाच तास घेते, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्र उघडण्याआधी आम्ही स्विचवरचा, म्हणजे सगळ्या नेटवर्क केबल ज्या पेटीत जोडतात तिच्यावरचा दिवा पाहिला. तो गिगाबिटच्या रंगाऐवजी 100 मेगाबिटच्या रंगात लागलेला होता. केबलच्या आत आठ तारा असतात. गिगाबिटसाठी आठही लागतात, पण 100 मेगाबिटला चारच पुरतात. त्यामुळे उंदराने फॉल्स सीलिंगमध्ये एक तार कुरतडली तरी जोडणी तुटत नाही, फक्त वेग दहावा हिस्सा होतो. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलने काम भागले. वेग कमी वाटला तर आधी दिवा आणि केबल पाहावी, नव्या यंत्राचा विचार त्यानंतर करावा.

वापरकर्ते आणि फाइलींची नावे

प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र नाव आणि पासवर्ड देतो, कारण सगळे एकाच खात्याने आत जात असतील तर फाइल कोणी बदलली हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. ‘अ‍ॅडमिन’ हे तयार खाते आम्ही बंद करतो आणि व्यवस्थापनासाठी वेगळ्या नावाचे खाते उघडून त्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक खात्री, लावतो. रोजच्या कामासाठी मालकांनीसुद्धा व्यवस्थापकाचे खाते वापरू नये. त्यांच्या लॅपटॉपवर व्हायरस आला तर त्याला त्यांचेच सर्व अधिकार मिळतात. कर्मचारी नोकरी सोडेल त्या दिवशी त्याचे खाते बंद झाले पाहिजे.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्या ग्राहकांसाठी, आणि वकील व दस्तलेखक मंडळींकडे ती हमखास मराठीत असतात, एक सूचना आहे. नॅसवरील बहुतेक फाइल व्यवस्थांमध्ये एका नावाला 255 बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘प्रतिज्ञापत्र’ या शब्दात डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात, पण संगणक त्यात 13 चिन्हे मोजतो आणि त्यासाठी 39 बाइट वापरतो. म्हणजे पूर्ण नावात सुमारे 85 चिन्हेच मावतात, आणि फोल्डर कूटबद्ध केला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा केला, तर काही यंत्रांवर ही मर्यादा 143 बाइटवर, म्हणजे 47 चिन्हांवर येते. विंडोजवर मात्र याहून लांब नाव चालते. त्यामुळे संगणकावर व्यवस्थित उघडणारी फाइल नॅसवर जाताना अडते आणि दोष यंत्राला दिला जातो. पक्षकाराचे आडनाव, दस्ताचा प्रकार आणि तारीख एवढे नावात ठेवावे. गाव, गट क्रमांक आणि वर्ष यांसाठी फोल्डर करावेत. आपली लिपी सोडून इंग्रजीत नावे द्यावीत, असा सल्ला आम्ही देत नाही.

इंटरनेटशी जोडणी

घरून फाइली पाहता याव्यात म्हणून राउटरमध्ये थेट दार उघडून देण्याची मागणी होते. ती आम्ही नम्रपणे नाकारतो. एप्रिल 2021 मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी 2022 पासून डेडबोल्ट या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमनी जगभरातील नॅस यंत्रे गाठली, ती इंटरनेटला अशीच उघडी असलेली होती. आतल्या फाइली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये पैसे मागितले गेले. बाहेरून काम करायचे असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयापर्यंत जाणारी सुरक्षित खासगी वाट, वापरावे, आणि ते आम्ही लॅपटॉप व मोबाइलवर बसवून देतो. मे 2017 मधील वॉनाक्राय हल्ल्यात नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याच्या ज्या जुन्या एसएमबी-1 पद्धतीतील त्रुटीचा वापर झाला, ती पद्धत आम्ही बंद ठेवतो. एखादे जुने झेरॉक्स-स्कॅनर यंत्र त्यामुळे नॅसवर स्कॅन पाठवू शकत नसेल, तर आम्हाला सांगावे. त्याची वेगळी सोय करता येते, पण त्या एका यंत्रासाठी सर्वांची सुरक्षा उतरवू नये.

बॅकअप

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला 3-2-1 हा नियम आम्ही पाळतो: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. लहान कार्यालयासाठी याचा अर्थ असा की, मूळ प्रत नॅसवर असेल, दुसरी दररोज रात्री यूएसबी डिस्कवर जाईल, आणि तिसरी क्लाउडवर किंवा मालकांच्या घरी. यूएसबी डिस्क दोन घ्याव्यात आणि दर शनिवारी अदलाबदल करून एक घरी न्यावी. कायम जोडून ठेवलेली डिस्क ही नॅसचाच भाग बनते आणि नॅसवर आलेले संकट तिच्यावरही येते.

याखेरीज दर तासाला ‘स्नॅपशॉट’, म्हणजे फाइलींच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेण्याची सोय आम्ही सुरू करतो. त्यामुळे दुपारी पुसलेली फाइल सकाळच्या स्थितीत परत आणता येते. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतात, तेव्हा त्यांना चौथी प्रत समजू नये. हिशेबाचे सॉफ्टवेअर चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. म्हणून त्या फोल्डरच्या बॅकअपची वेळ सर्वजण घरी गेल्यानंतरची ठेवतो, आणि संध्याकाळी सॉफ्टवेअर बंद करूनच निघावे अशी विनंती आहे.

किती जुना बॅकअप ठेवावा, हे ठरवताना कायद्याची मुदतही विचारात घ्यावी. कंपन्यांना हिशेबाची पुस्तके किमान 8 वर्षे जपावी लागतात, आणि ऑगस्ट 2022 मधील नियमबदलानुसार इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज घेणे त्यांना बंधनकारक आहे. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवायच्या असतात. आपल्या संस्थेला नेमके काय लागू होते, ते आपल्या सीएंकडून जाणून घ्यावे. त्यानुसार यंत्रात मुदत लावण्याचे काम आमचे.

बॅकअप यशस्वी झाल्याचा ईमेल रोज येतो म्हणून निर्धास्त राहू नये. तीन महिन्यांतून एकदा एखादा फोल्डर यूएसबी डिस्कवरून दुसऱ्या संगणकावर उतरवून, त्यातल्या चार-पाच फाइली उघडून पाहाव्यात. वार्षिक करार असलेल्या ग्राहकांकडे हे काम आम्ही त्यांच्या समक्ष करतो आणि कोणत्या फाइली उघडल्या ते नोंदवून सही घेतो.

दर महिन्याचे काम

महिन्यातून एकदा व्यवस्थापनाच्या पानावर जाऊन डिस्कची प्रकृती पाहावी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी जो ‘स्मार्ट’ अहवाल देते त्यात क्रमांक 5 आणि 197 या ओळींसमोर शून्य असणे चांगले. पहिला आकडा खराब झाल्यामुळे बदललेल्या जागांचा असतो, दुसरा वाचता न आलेल्या आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेल्या जागांचा. यांतला कोणताही आकडा आठवड्या-आठवड्याला वाढत असेल, तर डिस्क चालू असली तरी ती बदलण्याची वेळ आली आहे. महिन्यातून एकदा रात्री ‘स्क्रबिंग’ चालते. त्यात यंत्र सर्व माहिती वाचून ती सुसंगत आहे का ते पडताळते. त्या रात्री नॅस बंद करू नये. वर्षाला 8,760 तास चालणारे हे यंत्र आहे, आणि पाच वर्षांनंतर त्यातील डिस्क चांगल्या दिसत असल्या तरी त्या टप्प्याटप्प्याने बदलण्याची तरतूद अंदाजपत्रकात ठेवावी.

बझर वाजू लागला तर

यंत्र वाजू लागले किंवा डिस्कचा दिवा तांबडा-नारिंगी झाला, तर घाई करू नये. एका कार्यालयात चार डिस्कपैकी तिसरी बिघडली होती. तेथील कर्मचाऱ्याने मदतीच्या भावनेने डिस्क काढली, पण त्याने उजवीकडून मोजले आणि दुसरी, म्हणजे चांगली डिस्क हातात आली. सर्व फोल्डर त्या क्षणी दिसेनासे झाले. त्याने पुढे कशालाही हात न लावता लगेच फोन केला म्हणून माहिती वाचली, तरीही तीन दिवस काम बंद राहिले. तेव्हापासून आम्ही प्रत्येक खणावर डावीकडून क्रमांक आणि डिस्कच्या सीरियल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे चिकटवतो.

अशा वेळी पडद्यावरील संदेशाचा मोबाइलने फोटो घ्यावा, शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते पाहावे आणि आम्हाला कळवावे. पडद्यावर ‘इनिशियलाइझ’, ‘फॉरमॅट’ किंवा ‘नवीन व्हॉल्यूम तयार करा’ असे पर्याय आले तर त्यांना होकार देऊ नये. फाइली अजून दिसत असतील तर सर्वांत आवश्यक फोल्डर आधी यूएसबी डिस्कवर उतरवून घ्यावेत. पण यंत्रातून टकटक आवाज येत असेल, तर तोही प्रयत्न न करता नेहमीच्या पद्धतीने नॅस बंद करावे, आणि आम्ही येईपर्यंत ते पुन्हा चालू करू नये.