नाताळचा कचरा: खोका रिकामा करून द्या

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे तयारीचे आठवडे, सुरू झाला की आमच्या रद्दी-भंगाराच्या दुकानाच्या ग्राहकांचे ठरलेले प्रश्न सुरू होतात. गिफ्टचा कागद घेता का? थर्माकोल का घेत नाही? एवढा मोठा खोका दिला आणि पैसे इतकेच? वसईत रमेदीपासून निर्मळपर्यंत प्रत्येक दारात गाडी उभी करून उत्तरं देत बसलो तर फेरी दिवेलागणीपर्यंत संपायची नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे. गाडीवरच्या मुलाकडून मागून घ्या आणि फ्रिजवर लावून ठेवा.

ओला आणि सुका वेगळा करा, हे वसईत आता कुणाला सांगावं लागत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ते बंधनकारक केलं आणि बहुतेक घरांत दोन डबे आले. पण नाताळात घरातून जे निघतं, ते एरवीच्या दोन डब्यांत नीट बसत नाही. अर्धा माल दिसायला कागद, आतून प्लास्टिक. उरलेला दिसायला सुका, आतून ओला. त्यात घरी पाहुणे, त्यामुळे आवरायची घाई.

बंद खोक्याचं दुखणं

सर्वात आधी हे, कारण आमचा निम्मा वेळ इथेच जातो.

२६ डिसेंबरला सकाळी गाडीवर चढणारा खोका बाहेरून देखणा असतो. मिक्सरचा किंवा टीव्हीचा, सगळीकडून चिकटपट्टी मारलेला, वर मार्करने ‘सुका कचरा’ लिहिलेलं. गोदामात कापला की आत चमकीच्या कागदाचे बोळे, त्यात केकखालची चंदेरी तबकडी, तबकडीवर क्रीम, विंदालूचा रस्सा लागलेल्या ताटल्या, कोल्ड्रिंकची बाटली, तिच्यात घोटभर कोल्ड्रिंक, आणि तळाशी झाडावरचा फुटलेला काचेचा गोळा. हा गोळा अंड्याच्या टरफलासारखा पातळ असतो. कागदाच्या बोळ्यात तो दिसत नाही आणि हातमोज्यातून सरळ आत जातो. निवडणाऱ्या बायकांच्या बोटांना नाताळनंतरच्या आठवड्यात पट्ट्या असतात त्या यामुळे.

आता हिशोबाचं. आमचा पुठ्ठा गठ्ठे बांधून वापीकडच्या कागद कारखान्यांत जातो. तिथे तो पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात. पाण्यात तेल विरघळत नाही, त्यामुळे रस्सा आणि लोण्याचे डाग लगद्यात तसेच राहतात आणि नव्या कागदावर उमटतात. ओल दिसली की कारखानेवाले वजनातून कापून घेतात, आणि ती कपात एका खोक्याची नसते, गठ्ठ्याची असते. म्हणजे एका घरच्या बाटलीतून सांडलेलं घोटभर कोल्ड्रिंक शेजारच्या चार घरांचा कोरडा पुठ्ठा खाली ओढतं.

म्हणून आमच्याकडे भरलेला खोका काट्यावर चढत नाही. आधी उघडायचा, रिकामा करायचा, मग वजन. ‘मागचा भंगारवाला तसाच घ्यायचा,’ असं काही अंकल-आंटी ऐकवतात. घेत असेल. पण तो आतला माल कुठे टाकत होता, हेही एकदा विचारायला हवं होतं. आम्हाला तो गोखिवऱ्याच्या कचऱ्याच्या डोंगरावर पाठवायचा नाही, म्हणून ही कटकट. आणि खोका कितीही मोठा असला तरी पैसे आकाराचे नसतात, वजनाचे असतात. दर दारातल्या फळ्यावर रोज लिहिलेला असतो, तो सगळ्यांना सारखाच.

तुम्ही इतकंच करा: चिकटपट्टी सुरीने कापा, आतलं सगळं बाहेर काढा, खोका चपटा करा, चारपाच झाले की सुतळीने बांधा. थोडी पट्टी चिकटून राहिली तर चालते, ती सोलत बसू नका. ऑनलाइन मागवलेल्या खोक्यावर तुमचं नाव, पत्ता, फोन असतो. तेवढा कागद मात्र फाडून टाका, तुमच्याच भल्यासाठी. पाकिटातला फुग्यांचा प्लास्टिक कागद स्वच्छ असेल तर आम्ही घेतो, पण वेगळा.

गिफ्टचा कागद

ओळखायची युक्ती सोपी. मुठीत घेऊन घट्ट चुरगळा आणि सोडा. बोळा तसाच राहिला तर कागद, रद्दीत टाका. आपोआप उलगडायला लागला तर त्यात प्लास्टिकचा किंवा धातूचा थर आहे, तो रद्दीत नको. हाताला चमकी लागत असेल तर चुरगळायचीही गरज नाही, ती चमकी म्हणजे प्लास्टिकचाच चुरा. रिबिनी आणि वर लावायची फुलं कुणीच घेत नाही, ती पुढच्या वर्षासाठी ठेवा.

चमकीचा कागद आम्हाला फुकट दिला तरी परवडत नाही, हे खरं आहे. म्हणून घेण्याआधीच थांबवलेला बरा. आमच्या दुकानात साधा खाकी कागद रोलवर मिळतो, हवा तेवढा कापून देतो. त्यावर मुलांना बटाट्याचे ठसे मारू द्या. पोत्याने आलेल्या चंदेरी कागदापेक्षा तो नक्कीच बरा दिसतो, आणि परत आला तर आम्ही त्याचे पैसे देतो.

केकच्या खोक्यावरची पारदर्शक खिडकी फाडून काढा, खालची चंदेरी तबकडी बाजूला ठेवा, राहिलेला पांढरा पुठ्ठा द्या. चंदेरी द्रोण आणि ताटल्या कागदाच्या दिसल्या तरी त्यांच्यावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. त्या ना रद्दीत चालतात ना खतात.

थर्माकोल

सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्याच यादीत प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, फुग्यांच्या काड्या आणि मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायची पातळ फिल्मही आहे. महाराष्ट्रात तर प्लास्टिक-थर्माकोलबंदीची अधिसूचना २०१८ सालीच निघाली. तरी बाजारात मिळतं, हे आम्हालाही दिसतं. टीव्ही-फ्रिजसोबत येणारा पॅकिंगचा थर्माकोल वेगळा, पण गाडी भरली तरी काटा हलत नाही, म्हणून आम्ही तो उचलत नाही. सामान घरपोच घेताना खोका तिथेच उघडा आणि थर्माकोल आणणाऱ्याच्याच टेम्पोत परत घाला. तो कुरकुरेल, पण नेईल.

गोठा, तारा, झाड

येशूजन्माच्या देखाव्यासाठी मांडलेल्या गोठ्यातला पेंढा हा सगळ्यात गुणी कचरा. वाडीत झाडांच्या बुंध्याशी पसरा, नाहीतर शेजारच्या गाईला घाला. मात्र बर्फ म्हणून थर्माकोलचे दाणे किंवा चमकी भुरभुरवली असेल तर तो पेंढा गाईलाही नको आणि मातीलाही नको. बर्फ हवाच तर कापूस वापरा. मूर्ती प्लास्टरच्या असतात. त्या जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. कान तुटलेला बैल भंगारात देऊ नका, आमच्याकडे त्याला गिऱ्हाईक नाही. एम-सील लावून तो अजून दहा नाताळ काढतो.

बांबूच्या कामट्यांचा आणि कागदाचा तारा सुटा करून दिलात तर कामट्या वाडीत, कागद रद्दीत. प्लास्टिकचा तारा किंवा झाड एकदा घेतलं असेल तर ते टिकेल तितकी वर्षं वापरा. त्या झाडाच्या पात्या पीव्हीसीच्या आणि आतली तार लोखंडाची असते. दोन्ही पिळून एक केलेलं असल्यामुळे ते सुटं करणं कुणालाच परवडत नाही. किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी मात्र तोडू नका. कुंडीतलं झाड हवं असेल तर आपल्याच भागातल्या रोपवाटिका आहेत.

माळा आणि गाणारी कार्डं

बंद पडलेल्या दिव्यांच्या माळा आम्ही घेतो, पण वेगळ्या पिशवीत. त्या अधिकृत ई-कचरा केंद्राकडे जातात. तांब्यासाठी वायर जाळणारे लोक आहेत. त्या धुराने खोकल्याशिवाय आणखी काय काय होतं, ते जळक्या वायरीचा वास घेतलेल्यांना सांगायला नको. आम्ही जाळत नाही, म्हणून आमचा दर त्यांच्यापेक्षा थोडा कमी असतो.

उघडलं की ‘जिंगल बेल्स’ वाजवणारं कार्ड रद्दीत टाकू नका. आत बटणासारखा सेल असतो. रद्दीच्या ढिगात तो दुसऱ्या सेलला किंवा तारेला टेकला की तापतो, आणि कोरड्या कागदाला ठिणगी पुरते. सेल काढा, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि गाडीवरच्या लाल बरणीत टाका. लहान मुलं असलेल्या घरांनी हे आजच करावं, असा सेल गिळला तर थेट दवाखाना गाठावा लागतो.

बाटल्या आणि डबे

काच वेगळी, आणि अख्खी. बिअरची बाटली धुऊन पुन्हा भरायला जाते, फुटली की फक्त काच. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून, बांधून, वर ‘काच’ लिहून हातात द्या. अॅल्युमिनियमचे कॅन विसळून चेपा. जुन्या कॅनपासून नवं अॅल्युमिनियम करायला खनिजापासून करण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, म्हणून त्याला दर बरा आहे. भट्टीत वापरलेली फॉइल धुऊन तिचा गोळा करा, सुटे कपटे वाऱ्यावर उडतात. बुचाच्या, लांब मानेच्या बाटल्या आम्ही निवडून ठेवतो. आल्याची वाइन किंवा सरबत भरायला हव्या असतील तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच या, नंतर उरत नाहीत.

जेवणाचं

ओला कचरा आम्ही नेत नाही, पण विचारता म्हणून सांगतो. भाज्यांचे देठ, अंड्यांची टरफलं, संत्र्याच्या साली खताच्या खड्ड्यात. हाडं आणि मांसाचे तुकडे त्यात वरवर टाकलेत तर रात्री कुत्री आणि घुशी मेजवानीला येतील. वाडी असेल तर हातभर खोल पुरा, नसेल तर पालिकेच्या ओल्या गाडीत द्या. वसईत केळीच्या पानांना तोटा नाही. पंगत पानावर उठली की पान खड्ड्यात गेलं, प्रश्न मिटला. शेजाऱ्यांकडे करंज्या, कुलकुल, केक पाठवताना प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्या कशाला? स्टीलचा डबा पाठवा. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, म्हणजे त्यांच्याकडचंही काहीतरी येईलच.

म्हातारा

३१ डिसेंबरच्या रात्री पोरं म्हातारा, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळतात. ती मजा घालवायला आम्ही निघालेलो नाही. पण कचरा उघड्यावर जाळायला नियमाने मनाई आहे, आणि म्हाताऱ्याच्या पोटात बाटल्या, टायर, चिप्सची पाकिटं कोंबली की धूर आधी आपल्याच आजी-आजोबांच्या छातीत जातो. पेंढा आणि सुती चिंध्या पुरे. चिंध्या कमी पडल्या तर मुलांना गोदामावर पाठवा, आम्ही फुकट देतो.

फेरी

२५ डिसेंबर आणि १ जानेवारीला गाडी येणार नाही, आमच्या माणसांच्याही घरी सण असतो. २६ ते ३० रोज सकाळी जादा फेरी आहे. त्यासाठी आधी नोंद लागते, नंबर या पत्रकाच्या मागे आहे. ज्यांचे खोके चपटे आणि बांधलेले, त्यांच्याकडे आधी जातो. यावर कुणी रागावू नये, अशा घरी गाडी दोन मिनिटांत मोकळी होते. तीन राजांच्या सणानंतर, म्हणजे ६ जानेवारी झाली की, गोठा उतरवल्यावरचं सामान न्यायला आणखी एक फेरी करू.

यंदापासून पार्टीसाठी स्टीलची ताटं, वाट्या, पेले भाड्याने देतो. कागदी ताटल्यांच्या खर्चाशी तुलना करून बघा, मोठ्या जेवणाला आमचंच स्वस्त पडतं. ३१ साठी हवी असतील तर २८ पर्यंत सांगा. परत देताना उष्टं तेवढं झटकून द्या, घासायचं काम आमचं.